आधी सोर्स पाह्य, मध्या

फोन आला तेव्हा मी एका टेबलफॅनची वाइंडिंग भरून राहिलो होतो. दुकान म्हणजे आमच्या कामठीच्या घराचीच समोरची खोली. माय उंबऱ्याशी बसून लसूण सोलून राहिली होती. फोनवर विलासचा फोटो आला, म्हणून मी उचलल्या उचलल्या म्हणालो, "बोला मास्तर, आज कोणत्या पोट्ट्यानं सर्किट जाळलं?" तिकून विलास नाही बोलला, त्याचा साळा बोलला. म्हणे, विलासभाऊ सकाळी आंघोळीले गेले ते बाहेर आलेच नाही, दार तोडा लागलं... झटका होता, दवाखान्यात नेलं पण काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, "बरं." खरंच बरं म्हटलं. गिऱ्हाइकानं 'मिक्सर उद्या नेतो' म्हटल्यावर म्हणतो, अगदी तसं.

माय माह्या तोंडाकडे पाहून राहिली होती. तिले धड ऐकू येत नाही, पण ती ओठ वाचते; माह्या मिशीत तिले काही दिसत नाही, तरी मी भिंतीकडे तोंड फिरवून बाकीचं ऐकलं. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "इलास होता काय गा?" फोटो दिसला होता तिले. मी मान हलवली. "काय म्हणते?" आता इथं कोणताही शहाणा माणूस असता त काहीतरी धड बोलला असता. मी ओरडून बोललो, "येतो म्हणे." माय खूश झाली. विलासले लसणाची चटणी आवडते म्हणून तिनं अजून एक गड्डा फोडला. मी खाली मान घालून फॅनची वाइंडिंग पुरी केली... उलटी भरली होती. तो फॅन लावला त हवा समोर फेकायच्या ऐवजी मागे फेकत होता. गिऱ्हाईक म्हणे, भिंतीले गरम होऊन राहिलं होतं काय?

रडू आलं नाही. अजूनही नाही आलं, म्हणून लोक मले दगड म्हणत असतील त म्हणो. वाडीले त्याच्या घरी गेलो, त्याले पाहिलं, पांढऱ्या कपड्यातल्या माणसांच्या मागे मागे चाललो, अन् सगळ्या रस्त्यानं मी काय पाहत होतो त समोरच्या माणसाची चप्पल. तिचा एक अंगठा तुटेल होता. मंग काही दिवसांनी त्यांच्या वस्तीतल्या विहारात शोकसभा झाली. माइक घूंऽऽ करत होता. लोक विलासबद्दल चांगलं चांगलं बोलून राहिले, अन् मले नुसता तो घूंऽऽ ऐकू येऊन राहिला. शेवटी उठलो, एम्प्लिफायरच्या मागे जाऊन बसलो, अर्थिंगचा वायर ढिला होता तो कसला. सभा चालू अन् बालमित्र टेबलाखाली! बाहेर निघालो तेवढ्यात सूत्रसंचालक म्हणे, आता मधुकरभाऊ दोन शब्द बोलतील. मी माइकजवळ गेलो. बोटानं ठोकलं. "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग..." अन् खाली उतरलो. अख्ख्या जिंदगीच्या दोस्तीवर माहं एवढंच भाषण झालं. विलास असता त हसून हसून भिंतीले टेकला असता. आता हे लिहायले बसवलं तेही त्याची बायको रजनीवहिनीनं. म्हणे, भाऊजी, तेव्हा नाही बोलले, आता बोला. मले धड लिहिता येत नाही, मी बोलतो तसंच उतरवून राहिलो.

आमचं घर कोष्ट्यांचं, मूळचं उमरेडकडचं. हातमाग बसले तशी माणसं कामठीले पावरलूमवर आली. विलासचं घर आमच्या मागच्याच गल्लीत. दोघं एकाच शाळेत गेलो, फरक एवढा का तो शाळेतून पुढे गेला अन् मी शाळेतून घरी गेलो. चौथीत मले दुसऱ्यांदा बसवलं तेव्हा मास्तरच हात जोडून म्हणे, "जा बावा, तुहीही सुटी, माहीही सुटी." विलासनं डिप्लोमा केला, वाडीले एका खाजगी संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवायले लागला अन् तिथंच राहायले गेला. आजूबाजूले ट्रान्सपोर्टचे गोदाम, ट्रक मागे घेताना होणारा कल्ला, त्यात ह्याची वर्गखोली. प्रयोगाच्या मशिनी बंद पडेल होत्या, म्हणून तो सगळं कम्प्युटरवरच शिकवे. सर्किटचं सॉफ्टवेअर असते. त्यात रेझिस्टर, कपॅसिटर, बॅटरी सगळं चित्रातलं, अन् चालवलं का खऱ्यासारखं चालते. मी वाडीले सामान आणायले गेलो का मागच्या बेंचवर जाऊन बसू. विलास पोट्ट्यायले सांगे, "हे मधुकरराव, आपले पाहुणे तज्ज्ञ. ह्यांनी जेवढं जाळलं तेवढं तुम्ही पाहिलं पण नसन." पोट्टे उभे राहून नमस्कार करत. मीही करू. मले वाटे खरंच तारीफ करून राहिला.

मायचं असं होतं का तिची सगळी जवानी लूमच्या शेडमध्ये गेली. तिथं धडाधड धडाधड असा आवाज का शेजारचा माणूस कानात बोलला तरी ऐकू नाही यायचं. म्हणून तिथल्या बाया ओठांनीच बोलत. एक बाई ह्या टोकाले, एक त्या टोकाले, अन् मधे मालक उभा असला तरी त्याच्याबद्दल बिनधास्त गप्पा. त्याले काहीच समजत नसे. लूम सुटले, पण कान तिथंच राहिले. आता ती माणसाच्या तोंडाकडे पाहून समजते, पण माह्या तोंडाकडे पाहून तिले काहीच समजत नाही. म्हणते, "तुही मिशी लय मोठी, सगळे शब्द मिशीतच अडकते." विलासची दाढीमिशी साफ, त्याचं तिले बरोबर समजे. पोरगा मी, अन् माय गोष्टी करणार विलासशी!

मंग आम्ही घरातले काय करतो? ओरडतो. त्याच्यानं झालं असं का आमच्या घरात गुपित म्हणून काही उरलंच नाही. मले मूळव्याध झाला तेव्हा मायनं विचारलं, "काहून बसत नाही गा धड?" मी सांगतलं. तिनं विचारलं, "काय?" मी अजून मोठ्यानं सांगतलं. तिसऱ्यांदा सांगतलं तेव्हा समोरचा किराणावाला दुकानातून ओरडला, "मधुभाऊ, ताक प्या!" बाजारातून कानात घालायची मशीन आणून दिली होती तिले. ती कुकरवाणी शिट्टी मारे. मायनं ती मेथीदाण्याच्या डब्यात ठेवली.

हे सगळं पाहून विलास एका रविवारी लॅपटॉप घेऊन आला. म्हणे, "मध्या, आपण मावशीसाठी डबा बनवू. गळ्यात अडकवायचा. समोर माइक, वर हेडफोन. पण आधी पाहू, तिले काय ऐकू येते अन् काय नाही." मायच्या डोक्यावर मोठा हेडफोन चढवला. लॅपटॉपमधून तो एकएक स्वर सोडे; आकडा मोठा का स्वर बारीक.

"मावशे, आवाज आला का बोट वर कर वं."

तीनशेच्या आवाजाले मायनं फटकन बोट वर केलं. "हे त ढोलकी आहे." हजाराले जरा थांबून केलं. तीन हजाराले केलं, तेव्हा विलास खूश झाला, मंग त्याले शंका आली. त्यानं आवाज सोडलाच नाही, नुसती कळ दाबल्यासारखं केलं. मायनं तरी बोट वर केलं. ती त्याच्या हाताकडे पाहून राहिली होती.

"मावशे, कॉपी करून राहिली तू!"

"तू काय मास्तर लागून गेला?"

"मास्तरच आहो वं मी."

"मंग छडी कुठे आहे तुही?"

मंग विलास तिच्याकडे पाठ करून बसला. तीन हजाराले बोट नाही उठलं. आवाज वाढवला, नाही उठलं. अजून वाढवला तेव्हा कुठे करंगळी हलली. माय आमच्याकडे पाहून हसून राहिली होती, तिले वाटलं अजून सुरूच नाही झालं... हेडफोन काढून विलासनं तिचे केस नीट केले.

त्यानं लॅपटॉपवर सर्किट काढलं अन् मले समोर बसवलं. म्हणे, तुह्या मायचं आहे, तुले आलं पायजे. सर्किटच्या डाव्या टोकाले एक गोल असतो, त्यात नागमोडी रेघ. तो सोर्स. म्हणजे बाहेरून येणारा आवाज, समज. त्याच्यावर दोनदा टिचकी मारली का चौकट उघडते अन् विचारते, फ्रिक्वेन्सी किती? म्हणजे आवाज बारीक का जाड. एम्प्लिट्यूड किती? म्हणजे लहान का मोठा. ऑफसेट म्हणून अजून एक असते. त्याले विलास म्हणे, "तिथं शून्य ठेव अन् हात लावू नको. तुहा हात मले माहीत आहे." एवढं सांगून तो मायसंग चटणी-भाकर खायले बसला.

मी चालवलं. उजवीकडे जी लाट निघाली तिचं डोकं सपाट! वरून कापल्यासारखं, खालूनही कापल्यासारखं. मले वाटलं सर्किटच खराब. रेझिस्टर बदलला, तेच. दुसरा बदलला, तेच. कपॅसिटर बदलला. मंग वाटलं बॅटरी कमी पडून राहिली. नऊची बारा केली, चोवीस केली, शेवटी शंभर व्होल्ट केली अन् लाट गोल झाली. मी उड्या मारल्या. "झालं बे, झालं!" विलास भाकर हातात घेऊन आला, वाकून पाहिलं.

"शंभर व्होल्ट? अबे, हे मावशीच्या गळ्यात बांधायचं आहे का विजेच्या खंब्याले?"

"पण लाट पाह्य ना, कशी गोल आली."

त्यानं सोर्सवर दोनदा टिचकी मारली. एम्प्लिट्यूड एक व्होल्ट. सॉफ्टवेअर आपल्या मनानंच एक व्होल्ट धरते, अन् मी तो पाहिलाच नव्हता. अन् ह्या माइकमधून माणसाचं बोलणं निघते पाच-दहा मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टच्या हजारात पाच-दहा हिस्से. त्यानं पाच मिली लिहिलं, बॅटरी नऊवर आणली, मी बदलेल सगळं जागच्या जागी लावलं, अन् लाट आपोआप गोल. "सर्किट बरं होतं राजा. तू त्याच्या कानात ओरडून राहिला होता. काही बिघडलं का आधी सोर्स पाह्य, मध्या. तू काय देऊन राहिला ते पाह्य, मंग दुसऱ्याले खराब म्हण."

अन् मंग तो जे बोलला त्याचा मले तेव्हा राग आला होता. म्हणे, "मायसंगही तू तेच करतो. नुसता एम्प्लिट्यूड वाढवतो. तिले जाड आवाज ऐकूच येते. तू ओरडला का तोच अजून मोठा होते. तिच्यापर्यंत नाही पोचत ते स, श, त, क... बारीक बारीक. वाक्याचं धड पोचते, हातपाय रस्त्यात गळून जाते. हळू बोल, समोर बसून बोल, तोंड उघडून बोल. अन् मिशी काट." मी म्हटलं, मिशी नाही काटत. तो म्हणे, मंग डबाच बनवा लागन.

त्या डब्याचा एक कपॅसिटर तेवढा ठरायचा राहिला होता. कोणत्या आवाजापासून वरचं बारीक बारीक मोठं करायचं ते त्याच्यावर. सॉफ्टवेअर म्हणे सगळ्या फ्रिक्वेन्सी आपोआप एका झटक्यात चालवून दाखवते, पण विलास तसं करत नसे. हातानं एकएक बदले. तीनशे, चालव, पाह्य. हजार, चालव, पाह्य. मी म्हटलं, काहून एवढं? म्हणे, "मावशीनं एकएक ऐकून बोट वर केलं ना, मंग आपूनही एकएक पाहू." दर रविवारी थोडं थोडं करे. घाई नव्हती. मायसाठी डबा बनून राहिला होता, पण खरं म्हणजे त्याले चटणी-भाकर मिळून राहिली होती अन् मायले बोलायले माणूस.

तो गेल्यावर रजनीवहिनीनं लॅपटॉप अन् डब्याचा अर्धा जोडेल बोर्ड एका पिशवीत घालून माह्या हातात दिला. "भाऊजी, हे मावशीचं काम आहे." मी घरी आणलं अन् फळीवर, जुन्या स्टॅबिलायझरच्या मागे ठेवलं. माय म्हणे, इलास काहून नाही आला गा? मी हातानं दाखवलं, काम आहे त्याले. पुढल्या रविवारी सांगतलं, पोट्ट्यांच्या परीक्षा आहे. त्याच्या पुढल्या रविवारीही परीक्षा. माय म्हणे, "लय लंबी परीक्षा आहे बा."

माही बायको शीला एक दिवस चिडली. "सांगान का नाही कधी?"

"कसं सांगू वं? ओरडून सांगू? 'विलास मेला' असं ओरडू? एकदा ओरडलो त ती 'काय?' म्हणन. मंग अजून ओरडू? गल्लीतली पोट्टी गोळा होतीन."

"मंग लिहून द्या."

"तिले कुठे वाचता येते? अन् असं मले कुठे लिहिता येते?"

"मंग मी सांगू?"

"नको."

गल्लीले त सगळं माहीत होतं. शीलानं सगळ्यायले बजावलं होतं, मायले सांगू नका. मायले ओठ वाचता येते म्हणून बिचारे तिच्यासमोर तोंडावर हात ठेवून बोलत. किराणावाला हात ठेवे, भाजीवाली पदर ठेवे. माय म्हणे, "सगळ्यायचे दात दुखून राहिले काय गा?"

मले उपाय माहीत होता. तो फळीवर स्टॅबिलायझरच्या मागे होता. डबा झाला असता त मी हळू बोललो असतो अन् तिले ऐकू आलं असतं. म्हणूनच मी त्याले हात लावत नव्हतो. जोपर्यंत डबा अर्धा, तोपर्यंत सांगायचं राहिलं, अन् जोपर्यंत सांगायचं राहिलं तोपर्यंत आमच्या घरात तरी विलास परीक्षेतच होता... मी पंखे भरत होतो, इस्त्र्या जोडत होतो, जेवत होतो. झोपही लागत होती. हे सांगायले लाज वाटते, पण लागत होती.

मंग एक दिवस सकाळी पाहतो त माय नवीन लुगडं नेसून, पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी. पिशवीत चटणीचा डबा.

"कुठे निघाली वं?"

तिनं माह्या मिशीकडे पाहिलं, हात झटकला. "तो नाही येत त मी जातो वाडीले. शेअर आटोत बसवून दे."

मी तिचा हात धरला. दोन्ही हातानं थांब, थांब केलं. दुपारपर्यंत थांब. ती पिशवी मांडीवर घेऊन तिथंच बसली. लुगडं बदललं नाही.

लॅपटॉप उघडला. त्याची फाइल होती तशीच होती. सोर्सवर दोनदा टिचकी मारली त आत हजार लिहेल होतं. शेवटी तो हजारावर थांबला होता. माह्या हातानं ते खोडलं, तीन हजार लिहिलं. काही वाटलं नाही. चालवलं, अन् लाटेचं डोकं सपाट. हात आपोआप रेझिस्टरकडे गेला... अन् थांबला. चौकट परत उघडली. मी खालचं एम्प्लिट्यूडचं खानंही परत भरलं होतं, नुसतं पाच लिहिलं होतं, मिली लावलंच नव्हतं. माय पाच व्होल्टनं ऐकून राहिली होती. मिली लावलं. सर्किटले हात नाही लावला. मंग तीनशे, चालव, पाह्य. हजार, चालव, पाह्य. तीन हजार. कपॅसिटर बदल, परत तीनशेपासून. शीलानं मधात चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला. तीनशेची लाट ठेंगणी राहिली अन् तीन हजाराची उंच अन् गोल निघाली, तेव्हा तो कपॅसिटर दुकानातल्या डब्यातून शोधून बोर्डावर जोडला. बॅटरी लावली. त्या फॅनच्या वाइंडिंगसारखी उलटी नाही लावली.

मायच्या गळ्यात डबा अडकवला, हेडफोन चढवला. तिच्यासमोर बसलो अन् सवयीनं ओरडलो, "माय!"

तिनं हेडफोन उपटून काढला. "मेल्या, ओरडतो काहून? कान फोडतो काय?"

शीला दारात उभी होती. तिनं तोंड फिरवलं. मी हेडफोन परत मायच्या डोक्यावर ठेवला. आवाज एवढा लहान केला का मलेच ऐकू येईना.

"माय, विलास गेला वं. आंघोळीले गेला होता, तिथंच गेला. परीक्षा-बिरीक्षा काही नव्हती."

मी थांबलो. आयुष्यभराची सवय, ती 'काय?' म्हणन अन् मले परत सांगा लागन. मी वाट पाहून राहिलो होतो. 'काय?' आलं नाही. माय माह्या तोंडाकडे पाहतच नव्हती. लूमवर गेल्यापासून पहिल्यांदा कोणी बोलत असताना ती दुसरीकडे पाहून राहिली होती, भिंतीकडे, जशी ऐकू येणारी माणसं पाहते तशी. मांडीवरची पिशवी तिनं उचलून बाजूले ठेवली. गळ्यातल्या डब्यावर हात ठेवला.

"हे त्यानं केलं?"

"हो."

"पुरं केलं?"

"थोडं राहिलं होतं. मी केलं."

तिनं वर पाहिलं.

"पंखा कुईकुई करून राहिला."

मी म्हटलं, हो.

"किती दिवसाचा करून राहिला? मले कोणी सांगतलं नाही."

शीला आत गेली. तो पंखा मीच दुरुस्त करेल आहे, अन् तो वाजते हे मलेही तोपर्यंत माहीत नव्हतं. आता माय रोज सकाळी लुगडं नेसली का डबा गळ्यात घालते, हेडफोन चढवते अन् पहिले त्या पंख्याखाली उभी राहून ऐकते. मी तेल घालायले गेलो होतो, त तिनं स्टूल धरून मले खाली उतरवलं. म्हणे, राहू दे, इलासनं हे ऐकू यायले केलं आहे.